कागदाची कपार

गुरुवार, २४ नोव्हेंबर १९८३

प्रिय नेझकाताई,

तुझं पार्सल मंगळवारी सीमा ओलांडून पोचलं. दोन किलो कॉफी, कपड्यांच्या पावडरीचे चार पुडे, आईसाठी लोकरीचं बनियन, बार्बकाला रंगपेटी आणि संत्री. एक संत्रं चेपलं होतं, त्याची साल वाळवून ठेवली. जकातीचे चारशे दिनार पडले आणि बसच्या ड्रायव्हरला पन्नास दिले, कारण तो पार्सल वरच्या फाट्यापासून घरापर्यंत स्वतः उचलून घेऊन आला. कॉफीच्या पुड्यावरची किंमत तू नखानं खरवडलीस ते दिसलं. देव तुला त्याचं भरून देवो. इथे तर साखरेसाठीसुद्धा कूपन लागतं. कॉफीतली पाव किलो मी शेजारच्या ब्लाझला दिली. ती वाया गेली असं समजू नकोस, का दिली ते पुढे येईलच.

तू दर पत्रात एका ओळीत विचारतेस, आई कशी आहे, आणि मी एका ओळीत कळवते, बरी आहे. आज एका ओळीत भागणार नाही. ताई, मला भीती वाटते. आई रोज तिन्हीसांजेला खाली घळीत उतरते. तिला अडवलं तरी जाते, कोंडलं तरी जाते. डॉक्टर म्हणाला, आणखी एकदा तिची छाती अशी गारठली तर मला बोलवू नका, फादरांना बोलवा. आता बर्फ पडायला लागलं आहे.

हे कुठून सुरू झालं ते सांगते. उन्हाळ्यात ती नावं विसरायची, ते वयानुसार होतंच म्हणून मी मनावर घेतलं नाही. एकदा मिठाच्या बरणीत साखर ओतली, त्यावर आम्ही सगळेच हसलो आणि तीही हसली. मग सप्टेंबरात अंद्रेयला खात्याकडून नवा कोट मिळाला. जंगलखात्याचा कोट तुला आठवत असेल, राखाडी-हिरवा, पट्टा आणि उंच टोपी. तो कोट घालून तो दारातून आत आला आणि आई चुलीजवळच्या खुर्चीवरून उठली. खुर्ची एप्रननं पुसली आणि म्हणाली, 'बसा साहेब, बसा. थंडी फार आहे.' अंद्रेय हसून म्हणाला, 'आई, आज मी जावई झालो की काय?' तीही हसली. पण पाव कापून तिनं सगळ्यात जाड तुकडा त्याच्या ताटात ठेवला. तो तुकडा ती एरवी बार्बकाला देते.

त्या दिवसापासून ती आपल्या पोटच्या मुलाला साहेब म्हणते. तो घरात असला की भिंतीला धरून चालते. त्यानं कोट काढून पाहिला, गोठ्यात लपवून पाहिला, मी तर तो कापून गोधडीत घालायला निघाले होते. उपयोग नाही. साहेब एकदा घरात शिरला तो शिरलाच. अंद्रेय गाईची धार काढायला जातो तो तासभर येत नाही आणि बादली अर्धीच भरलेली असते. एकदा म्हणाला, 'जेरिका, ती माझ्यासमोर गोड बोलते ना, त्यापेक्षा तिनं मला काठीनं मारलं असतं तर बरं.'

साहेब जेवून डुलकी घेऊ लागला की ती निघते. एप्रनच्या ओच्यात पाव असतो. आधी आम्हाला वाटलं, लढाईच्या काळची जुनी सवय आहे, घळीतल्या छापखान्यातल्या माणसांना पाव पोचवत असेल. अंद्रेय म्हणाला, 'पोचवू दे. खाली कुणी नाही म्हटल्यावर परत येईल.' तो तिच्या मागोमाग लांबून जायचा आणि ती कपारीपाशी जरा वेळ उभी राहून परत फिरायची. ऑक्टोबरभर असं चाललं. मी रोज त्या वेळेला जपमाळ घेऊन दारात बसायची आणि दोघं वर येताना दिसली की मगच दिवा लावायची.

छापखान्याची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. शहरातल्या समितीनं म्युझियम केलं तेव्हा त्यांना जवळच्या घरातलं कुणीतरी हवं होतं आणि या डोंगरावर मॅट्रिक झालेली मीच सापडले. उन्हाळ्यात शाळांच्या सहली येतात. मी त्यांना आधी कपार दाखवते, मग पूल ओलांडून खोप्या, छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या, यंत्र. दहा वर्षं तेच बोलते आहे, झोपेतही म्हणेन. इटलीच्या राज्यात आपली भाषा शाळेत बोलायला बंदी होती आणि जर्मनांच्या राज्यात जगायलाच, तेव्हा या घळीत आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र छापलं जाई. ओढ्याच्या आवाजात यंत्राचा आवाज बुडून जाई. वरच्या घरांतल्या बायका कागदाचे गठ्ठे कपारीपर्यंत आणत. पुढे ते कोण नेतो आणि कुठे नेतो हे त्यांनी विचारायचं नाही. आणि बर्फात पाऊल उमटतं म्हणून बर्फ पडलं की वाटेनं यायचं नाही, ओढ्यात उतरायचं आणि पाण्यातून चालत यायचं. इथे मुलं हमखास विचारतात, 'बाई, मोजे ओले व्हायचे का?' आणि मी म्हणते, 'मोजे होतेच कुणाकडे?' मग सगळी हसतात.

दहा वर्षं हे सांगणारी मी. गेल्या शुक्रवारी पहिलं बर्फ पडलं, दुपारभर पडत होतं. बर्फ पडायच्या आधीच, थंडी वाढली तेव्हापासून, मी दाराला कुलूप घालायला लागले होते. कोंडायला मन होत नव्हतं, कारण कोंडल्यापासून ती जेवत नव्हती. आम्ही तिला पकडून ठेवलंय अशी तिची खात्रीच झाली होती. तिन्हीसांजेला मी तिच्या खोलीत दूध घेऊन गेले तर खोली रिकामी. आम्ही दोघं कंदील घेऊन बाहेर धावलो. दारापासून ओढ्यापर्यंत बर्फ पसरलेलं, घळीच्या वाटेवर एक पाऊल नाही. मांजराचंसुद्धा नाही. अंद्रेय म्हणाला, 'देवाची कृपा, बाहेर पडलीच नाही.' मीही म्हटलं, देवाची कृपा. मग आम्ही माळा पाहिला, पिठाची कोठी पाहिली, गवताच्या गंजीत काठी घालून पाहिलं. मी तर अंथरुणं झटकून पाहिली, जशी काही ती सुईच होती.

घराला जोडलेल्या गोठ्याच्या मागच्या खिडकीची काच फुटलेली ब्लाझच्या बायकोला दिसली, तिनं ब्लाझला हाक मारली. खिडकीखालून ओढा वाहतो, ताई, तुला माहीत आहे. ती खिडकीतून थेट पाण्यात उतरली होती. ब्लाझला ती कपारीसमोर सापडली, मांडीपर्यंत पाण्यात उभी, ओच्यात पाव घट्ट धरलेला. त्यानं तिला खांद्यावर टाकून आणलं तेव्हा ती ओरडली नाही. एवढंच म्हणत होती, 'मी एकटीच आहे साहेब, माझ्याबरोबर कुणी नाही.' ब्लाझ तिच्याहून वीस वर्षांनी लहान असेल, एवढा धट्टाकट्टा गडी, पण उंबऱ्यात बसून रडला. ती कॉफी त्याला दिली.

तिचे कपडे बदलताना एप्रनच्या खिशात मला एक मोजा सापडला. लोकरीचा, लहान मुलाचा, टाचेला रफू केलेला. बार्बकाचा नव्हता, तिचे सगळे मी विणलेत, माझा टाका मला कळतो. तो मोजा मी चुलीवर वाळत घातला तशी आई तापातही उठून बसली आणि तो ओढून घेतला. मी काही विचारलं नाही. तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि जपमाळेला सुरुवात केली. शुक्रवारी ख्रिस्ताच्या दुःखाची रहस्यं म्हणतात, ती चालू होती. तिसऱ्या रहस्यापर्यंत ती माझ्याबरोबर म्हणायला लागली, आणि मग मध्येच थांबून तिनं मला विचारलं, 'तू इथे कामाला आहेस का गं?' मी हो म्हटलं. 'देवाधर्माची दिसतेस. तुला मुलं आहेत?' मी म्हटलं, एक मुलगी. मग तिनं दाराकडे पाहिलं, साहेब कुठे आहे ते पाहिलं, आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

ती म्हणाली, 'माझी पोर खाली आहे. कपारीत. कागदाच्या मागे.'

ताई, हे मी लिहावं की नाही याचा मी सहा दिवस विचार केला. चौदा वर्षं मी या घरात सून म्हणून आहे आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अंद्रेय लढाईनंतरचा, त्यालाही माहीत नव्हतं. आई जे म्हणाली ते मी तसंच लिहिते. म्हणाली, कागद पोचवायला निघाले तेव्हा पोर सोबत होती, बाईबरोबर मूल असलं की शिपाई हटकत नाहीत. कपारीपर्यंत पोचले आणि वरच्या रस्त्यावर जर्मनांच्या गाड्या थांबल्या. घराकडे वळल्या. घर रिकामं सापडलं तर ते शोधत खाली येतील, मग छापखाना, मग सगळेच. म्हणून पोरीला गठ्ठ्यांच्या मागे बसवली, कोरे कागद अंगाभोवती गुंडाळले, आणि मी पाण्यातून घरी आले. आता साहेब चुलीपाशी बसलाय आणि हलत नाही. त्याला पाव देते, सूप देते, तो म्हणतो आणखी आण. पोर खाली आहे. उपाशी आहे.

मी विचारलं, 'आई, मी आणू का तिला?' तशी तिनं माझा दंड धरला. 'ती तुझ्याबरोबर येणार नाही. मी तिला बजावलंय, माझ्या आवाजात हाक आली तरी बाहेर यायचं नाही. ते मला बंदूक लावून हाक मारायला लावतील. आमचा ठरलेला शब्द ऐकू आला तरच यायचं.' मी विचारलं, कोणता शब्द. त्यावर ती म्हणाली, 'तो तुला कशाला?' आणि मग तिचा चेहरा पाहून मी घाबरले, ताई. आजवर आजारी माणसं पाहिली, माझ्या वडिलांचं मरण पाहिलं, पण असा चेहरा नाही पाहिला. ती आपल्याच मनात शोधत होती, जसं आपण अंधारात भिंतीवर हात फिरवतो तसं. तिथे काही नव्हतं. तिला शब्द आठवत नाही.

म्हणजे इतके दिवस ती कपारीसमोर उभी राहून काय करत होती ते मला तेव्हा कळलं. रविवारी अंद्रेयला घरी ठेवून मीच तिच्या मागे गेले. छातीत कफ असूनही ती उतरलीच, बांधून ठेवणं माझ्या हातून होत नाही. मी निदान तिला रबरी बूट घातले. ती कपारीसमोर पाण्यात उभी राहिली आणि हळू आवाजात एकेक शब्द म्हणून पाहू लागली. गाईंची नावं. लिस्का, सीव्का, रोज्का. मग संतांची. मग मध, चिमणी, दळण, पाळणा. प्रत्येक शब्द म्हणून थांबायची, आत कान द्यायची, आणि मान हलवायची. शेवटी रडत म्हणाली, 'पोरी, मीच आहे गं. पण तू येऊ नकोस. मला शब्द येत नाही, तर तू येऊच नकोस.'

सोमवारी मी एक मूर्खपणा केला. आधीच जाऊन कपारीत बसले. वाटलं, आतून आवाज दिला की तिचं समाधान होईल. कपार बाहेरून दिसते तेवढी मोठी नाही. दहा वर्षं मुलांना बाहेरून दाखवली, आत मी कधी बसले नव्हते. पाठीला दगडाचं पाणी लागतं, पाय लांब करता येत नाहीत आणि तोंडासमोर दिवस मावळतो तो दिसत नाही, फक्त काळोख वाढलेला कळतो. मला अर्धा तास काढवेना. हेल मेरीची प्रार्थना म्हणायला लागले तर माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. मग ती आली, तिनं एक शब्द म्हटला, 'अक्रोड' की असंच काहीसं झाडाचं नाव, आणि मी बारीक आवाजात म्हटलं, 'आले गं आई.' ताई, ती किंचाळली. तिनं पोरीला शिकवलं होतं की चुकीच्या शब्दाला यायचं नाही, आणि आतून तर ओ आली, म्हणजे आत पोर नाही, आत ते शिपाई बसलेत. ती पाण्यात पडत, उठत पळाली. अंद्रेयनं पुलाखाली धरली. त्या दिवसापासून ती कुणाच्याच हातचं खात नाही. पावाचा वास घेते आणि ओच्यात ठेवते.

अंद्रेयच्या मनात आणखी एक आलं होतं. म्हणाला, आपली बार्बका सात वर्षांची आहे, तिला जरा वेळ कपारीत बसवलं तर? मी त्याला म्हटलं, या घरातली एक पोर तिथे बसली तेवढी पुरे. त्यानं ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, तुला तो माहीत आहे. आईला वृद्धाश्रमात न्यायला सहा डिसेंबरला, सांत मिक्लाव्हच्या दिवशी, गाडी येणार आहे. डॉक्टरनं कागद केलेत. तिथे दारं बंद असतात. तिथे ती पाण्यात उतरणार नाही हे खरं, पण पोर खाली आहे असं मानून बंद दारामागे ती किती दिवस काढेल, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

आता मला पुष्कळ जुन्या गोष्टी आठवतात. आमच्या लग्नाला तू आलीस तेव्हा माळ्यावरच्या खोलीत झोपलीस आणि थंडीतही दार सताड उघडं ठेवलंस. मला वाटलं, शहरात राहून हिला आमच्या खोल्या कोंदट वाटतात, आणि मी ते माहेरी बोलूनही दाखवलं. म्युझियमच्या उद्घाटनाला तू फाट्यापर्यंत आलीस आणि त्याच बसनं परत गेलीस. आई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती. शेजारची खुर्ची तिनं कुणाला घेऊ दिली नाही, पिशवी ठेवून अडवली. भाषणं झाली, तिला फुलं दिली, तिनं कपारीबद्दल एक शब्द काढला नाही. कपारीशेजारच्या पाटीवरही फक्त कागदाचं लिहिलंय. मी ती पाटी दर शनिवारी पुसते.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर मी पोस्टातून तुला फोन केला होता. तुझ्या लिव्हिओनं उचलला, म्हणाला, तू घरी नाहीस. मागे तुझा खोकला ऐकू आला. मी राग धरलेला नाही, ताई. फोनवर हे मलाही बोलता आलं नसतं, पोस्टातली बाई कान देऊन बसलेली असते. पत्र घडी करून ठेवता येतं आणि हवं तेव्हा उघडता येतं, म्हणून लिहिलं.

तू त्या कपारीत किती वेळ होतीस, मला माहीत नाही. आईच्या मनात तू अजून आतच आहेस, म्हणून गोष्टीचा शेवट तिच्याकडे नाही. तो तुझ्याकडे आहे. ती आली असेल, तिनं शब्द म्हटला असेल, आणि तू बाहेर आली असशील, नाहीतर ही कॉफी मला कुणी पाठवली असती? तो शब्द या जगात तुम्हा दोघींनाच माहीत होता आणि आता तुला एकटीला आहे. तो मला पाठव. एका कार्डावर तेवढाच लिही, खाली सहीसुद्धा नको. मी तो पाटीवर जाऊ देणार नाही, अंद्रेयलाही सांगणार नाही. तिच्या कानात सांगेन आणि तिला कपारीपर्यंत हाताला धरून नेईन. ती तो म्हणेल. त्यानंतर आतून बाहेर कोण येणार, याचं उत्तर मला रोज प्रार्थना करूनही मिळालेलं नाही. तुमच्या गोरित्सियाहून बस सकाळी निघते आणि दुपारी फाट्यावर येते, ती वेळ बदललेली नाही. मी तुला ये म्हणत नाही. मिक्लाव्हला बारा दिवस आहेत आणि बर्फ अजून पडतंय. मरीयामातेची शपथ, उलट टपालानं कळव.

दार उघडं ठेवून वाट पाहणारी,
तुझीच
जेरिका